पडद्यात अडकलेला तांदूळ

आमच्या शाळेतल्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा समुद्र दिसला, त्या दिवशी खिचडी बुडाला लागली. पोरांनी ती करपट खिचडी निमूटपणे खाल्ली. त्यांचंही लक्ष ताटात नव्हतं.

आमची शाळा म्हणते, पण मी तिथे शिकवत नाही. मी पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. भंडाऱ्याहून पूल ओलांडून कारधा लागलं की तिथून थोडं आत आमचं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन वर्गखोल्या आणि त्यांना चिकटून आमची स्वयंपाकखोली. आम्ही दोघी आहोत. दुसरी माझी जोडीदारीण. ती या गावची लेक आणि मी सून, म्हणून ती मला वहिनी म्हणते आणि वहिनीची करायची तेवढी थट्टा रोज करते. दोघींच्या वाटचं बोलणं तिच्याकडे आणि दोघींच्या वाटचे तांदूळ निवडणं माझ्याकडे, अशी आमची वाटणी कधीचीच झालेली आहे.

मला लोकांसमोर बोलता येत नाही. घरात बोलते, चुलीशी बोलते, कोंबड्यांशी तर फारच बोलते. पण चार माणसं समोर आली की पदर आपोआप तोंडाकडे जातो आणि जे बोलायचं ते पोटात परत जातं. लहानपणापासूनचं आहे. माझं माहेर सिहोऱ्याकडचं. गावच्या शाळेत चौथीपर्यंत मी चांगली शिकले. पाचवीला पलीकडच्या मोठ्या गावी जावं लागे. पहिल्याच दिवशी गुरुजींनी मला उभं केलं आणि पुस्तक वाचायला सांगितलं. वर्गाकडे तोंड करून उभी राहिले. अक्षरं दिसत होती, ओळखू येत होती, आवाज मात्र निघेना. गुरुजी रागावले नाहीत. ‘बस, उद्या वाच’ म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी गेलेच नाही. घरी काम होतंच. कोणी फार विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. माझं शिक्षण तिथे संपलं.

हे सगळं आता लिहिते आहे कारण माझी नात माझ्यावरच गेली आहे.

ती तेव्हा चौथीत होती. सुटीच्या दिवशी माझ्या बाजूला बसून ती तांदळाच्या पोत्यावरचं वाचायची, तेलाच्या पुड्यावरचं वाचायची, मिठाच्या पुडीवरचं बारीक अक्षर तर मला दिसत नाही ते पण वाचायची. घरात तिचं तोंड बंद ठेवणं कठीण. वर्गात मात्र मुकी. मॅडमनी उभं केलं की पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहायची.

आमच्या मॅडम भंडाऱ्याहून स्कूटीवर येतात. वयाने माझ्या मुलीसारख्या, स्वभावाने चांगल्या. एकदा त्या स्वयंपाकखोलीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “मावशी, तुमच्या नातीला अजून वाचता येत नाही. घरी थोडं घेऊन बसत जा.”

मी काय म्हणावं? “हो” म्हणाले.

मॅडम गेल्यावर जोडीदारीण हातातला झारा आपटून म्हणाली, “हो कायची वो वहिनी? काल तर तिनं मले मसाल्याचा अख्खा डबा वाचून दाखवला!”

“सांगणार होती मी,” मी म्हटलं.

“कवा? तिचं लगन लागल्यावर?”

मला हसू आलं, पण त्या दिवशी संध्याकाळी ते हसू गेलं. कोंबड्या डालग्याखाली झाकताना नात म्हणाली, “आजी, मी पाचवीले नाई जात.”

“काहून वो?”

“तिथं उभं करून वाचाले लावतेत. मोठे मोठे पोरं हासतेत.”

पाचवीची शाळा दुसऱ्या गावी, बसने जायची. तिथे ओळखीची मॅडम नाही, खिडकीआड आजी नाही. पोरीने ‘नाही’ म्हटलं की घरी कोणी मारून पाठवणार नाही, हे मला माझ्यावरूनच माहीत. पोरगा आणि सून दिवसभर शेतावर. ‘जात नाई म्हणते तर राहू दे वर्षभर घरी,’ असं कोणीतरी म्हणेल आणि तेवढ्यावर गोष्ट मिटेल. माझी तशीच मिटली होती.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तो पडदा आला. दोन माणसांनी गाडीतून उतरवला, भिंतीला लावला, मॅडमना शिकवून गेले. मॅडम त्याला बोर्ड म्हणतात, पोरं त्याला मोठा मोबाईल म्हणतात. बोट लावलं की चालतो. आमच्या खोलीची एक खिडकी वर्गात उघडते, तिथून मला सगळं दिसतं. समुद्र तिथूनच पाहिला. भाकरीएवढ्या खिडकीत आम्ही दोघी डोकं घालून उभ्या आणि मागे गॅसवर खिचडी.

“बापा! याचा तर दुसरा काठच नाई दिसून राहिला,” जोडीदारीण म्हणाली. “आपली वैनगंगा पुरात बी एवढी नाई होत.” मग वास आल्यावर ओरडली, “वहिनी, खिचडी!”

त्यानंतर आम्ही पाळी लावली. एकीने पाहायचं, एकीने ढवळायचं. आठवड्याभरात आम्ही हृदय कसं धडधडतं ते पाहिलं, बर्फाचा डोंगर पाहिला, मुंग्यांचं वारूळ आतून पाहिलं. मी इतकी वर्षं त्या खिडकीजवळ उभी आहे, पण पूर्वी नुसतं ऐकू यायचं. ‘हिमालय बर्फाने झाकलेला असतो’ हे मी कितीदा तरी ऐकलं असेल. बर्फ म्हणजे माझ्या मनात गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी. तेवढी लादी एवढ्या डोंगरावर ठेवली कोणी, हे विचारायला मला चौथीपासून लाज वाटत होती. आता विचारायची गरज उरली नाही.

पण माझ्यासाठी खरी गोष्ट वेगळीच घडली. पडद्यावर एका बाजूला चित्रं यायची, एका बाजूला शब्द. पोरांनी पुढे येऊन शब्द बोटाने ओढत चित्राजवळ न्यायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. माझ्या नातीची पाळी आली. ती उठली, पुढे गेली आणि एकामागून एक सगळे शब्द ओढून बरोबर जागी बसवले. ‘बगळा’, ‘शिंपला’, ‘पाणकोंबडी’. पडद्यातून टाळ्या वाजल्या. मॅडम तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी आणखी अवघड शब्द लावले. तेही बसवले.

मॅडम हुशार. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर धडा लावला, एका तळ्यातल्या बगळ्याचा, आणि म्हणाल्या, “आता बोर्डाला वाचून दाखवायचं. तो तुमचा आवाज भरून घेतो.” बोर्डावर एक लाल ठिपका होता, तो दाबायचा आणि वाचायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुस्तक वाचायचं तर वर्गाकडे तोंड करावं लागतं. पडद्यावरचं वाचायचं तर वर्गाकडे पाठ होते! समोर फक्त अक्षरं. डोळे कोणाचेच नाहीत.

नातीने ठिपका दाबला. पहिली ओळ माशी गुणगुणल्यासारखी. दुसरी ओळ जरा बरी. पानाच्या शेवटी तर मला खिडकीत नीट ऐकू आलं. मग मॅडमनी तो आवाज परत लावला आणि सगळ्या वर्गाने ऐकला.

“हा कोणाचा आवाज होय?” मागचा एक मुलगा खरंच विचारत होता. चौथीपर्यंत सोबत शिकून त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

त्या दुपारी मॅडम पुन्हा दारात आल्या. “मावशी, हिला तर छान वाचता येतं. तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” मी म्हणाले.

“मग सांगितलं का नाही?”

जोडीदारीण म्हणाली, “मॅडम, त्या सांगणारच होत्या. लगनात.”

तेव्हापासून रोज एक पान. नात घरी येऊन सांगायची, आज पडद्याने किती ओळी भरून घेतल्या. पाचवीचं नाव निघालं तरी गप्प बसायची, नाही म्हणायची नाही. मला तेवढं पुरे होतं.

आणि मग मीच घोळ घातला.

दसऱ्याच्या सुटीच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं. पोरं पाटीवर सरस्वती काढतात, फुलं वाहतात. आता पाट्या फारशा उरल्या नाहीत. पोरं म्हणाली, मोठी पाटी तर ही आहे, हिचीच पूजा करू. मॅडमनी पडद्यावर सरस्वती काढून दिली. एकीने झेंडूचा हार आणला. जोडीदारीण दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीला जायची होती, म्हणून भांडी आवरून लवकर घरी गेली. मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही मोठ्या आहात, कुंकू तुम्ही लावा.”

एवढ्या पोरांसमोर मी पुढे गेले तीच मोठी गोष्ट. सरस्वतीच्या चित्रावर काचेला कुंकू लावायची हिंमत झाली नाही, म्हणून खालच्या कोपऱ्यात, जिथे काच आणि काळी पट्टी मिळते, तिथे टिळा लावला. आमच्याकडे टिळ्यावर तांदूळ टेकवल्याशिवाय टिळा पुरा होत नाही. मग तोही टेकवला, चांगला अंगठ्याने दाबून. पोरांनी नमस्कार केला. पेढा वाटला. मॅडमनी नंतर ओल्या फडक्याने कुंकू पुसलं आणि खोलीला कुलूप लागलं.

शाळा परत उघडली तेव्हा बोर्ड बिघडलेला. मॅडम धडा उघडायच्या, तो आपोआप बंद व्हायचा. परत उघडला, परत बंद. लाल ठिपका दाबायला जावं तर पडदा आधीच्या पानावर पळायचा. पोरांना आधी गंमत वाटली. “मॅडम, त्याले कटाळा आला,” एक म्हणाली. पण दोन दिवस झाले, चार दिवस झाले. मॅडमनी पडदा बंद करून ठेवला आणि पुन्हा पुस्तकं निघाली.

नातीचं तोंड पुन्हा मिटलं. मॅडमनी तिला सोपं जावं म्हणून भिंतीकडे तोंड करून वाचायला सांगितलं, तर पोरं हसली, “तिले शिक्षा भेटली!” आमच्याकडे भिंतीकडे तोंड केलेलं पोरगं म्हणजे शिक्षा झालेलं पोरगं. ती रडकुंडीला येऊन खाली बसली. घरी आल्यावर सूप बाजूला सारून म्हणाली, “मी पाचवीले नाईच जाणार, आजी.”

दुसऱ्या दिवशी मॅडम दुरुस्तीच्या माणसाशी फोनवर बोलत होत्या. फोनचा आवाज मोठा केलेला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. तो म्हणत होता, “मॅडम, कडेला काही अडकलं असेल. कण जरी असला तरी त्याला वाटतं कोणी बोट ठेवलंय. खालच्या कोपऱ्यात बंद करायची खूण आहे ना, तिथे बघा.” मॅडमनी कोपरा पाहिला, फडकं फिरवलं, म्हणाल्या, काही दिसत नाही. तो म्हणाला, येतो पण लगेच नाही जमणार.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. तोच कोपरा. कुंकू पुसलं गेलं, तांदूळ काचेच्या आणि पट्टीच्या फटीत गेला. पडद्याला वाटत होतं, कोणीतरी दिवसरात्र बोट टेकवून बसलं आहे. ते बोट माझं होतं.

आता सांगायला काय हरकत? पण मला वाटलं, सगळं गाव म्हणेल, एवढा चांगला पडदा हिच्या तांदळाने बिघडला. मी ठरवलं, उद्या मॅडम एकट्या असताना सांगू. उद्या मॅडमसोबत पालक होते. परवा सांगू. परवा मॅडम रजेवर. मग मनात आलं, कुलूप उघडं असताना हळूच जाऊन काढावा. तर पोरं वर्गातून हलतच नव्हती. जोडीदारणीला सांगितलं असतं तर तिने क्षणात सांगून टाकलं असतं, पण तिने ते वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं असतं.

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख साहेब आले. पोरांचं वाचन पाहायला. कोणाला येतं, कोणाला नाही, ते सगळं लिहून पुढे पाठवायचं होतं. ती पोरं पाचवीला गेली की तिथल्या गुरुजींच्या हातात तोच कागद. साहेब खुर्चीवर बसले. एकेक पोर उभं राहून वाचू लागलं. मी खिडकीतून पाहत होते. नातीच्या आधी तीन मुली उरल्या. मग दोन. मग एक. मग ती उभी राहिली. पुस्तक हातात, तोंड सगळ्यांकडे.

“वाच बेटा,” साहेब म्हणाले. “घाबरू नको.”

ती अंगठ्याकडे पाहत होती. तो अंगठा मला ओळखीचा होता. सिहोऱ्याकडच्या एका वर्गात मीही तसाच पाहिला होता.

“साहेब, हिला वाचता येतं,” मॅडम म्हणाल्या. “बोर्ड सुरू असता तर...”

“मॅडम, बोर्ड सुरू असता, लाईन असती, असं मी कागदावर काय लिहू?” साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन उघडला.

मी कशी गेले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की वर्गाच्या मधोमध उभी आहे, हातात झारा आहे आणि झाऱ्यातून वरण टपकतं आहे.

“तांदूळ आहे,” मी म्हटलं.

साहेब म्हणाले, “झाला का स्वयंपाक? येतो मावशी, पाच मिनिटं थांबा.”

“त्याच्यात तांदूळ आहे,” मी पडद्याकडे झारा दाखवला. “मी टेकवला. पूजेले. कोपऱ्यात. फटीत गेला.” एवढं बोलून माझा श्वास संपला.

मग मॅडम खाली वाकल्या, फटीत पाहू लागल्या. “दिसत नाही हो मावशी.”

झारा मी नातीच्या हाती दिला. जन्मभर मी तांदळातून खडे काढत आले, एक तांदूळ काढणं काय अवघड? पदराची पिन काढली, गुडघे टेकले, गाल भिंतीला लावून फटीत पाहिलं. होता. आडवा पडला होता. पिनेने उभा केला, नखाने ओढला. तळहातावर घेतला तर कुंकवाने अजून लाल. साहेबांनी चष्मा वर करून पाहिला.

“जयश्रीराम नाही, एचएमटी होय,” तांदळाची जात ओळखून ते गंभीरपणे म्हणाले. साहेबांच्या घरी धानाची शेती असावी.

सगळा वर्ग हसला. मॅडमनी बोर्ड लावला. धडा उघडला आणि उघडाच राहिला. खिडकीतून जोडीदारीण ओरडली, “वहिनी, तुमी बोलल्या वो! साहेबाच्या समोर!” मी पदर तोंडावर घेतला, पण पिन हातात असल्यामुळे तोही धड बसेना.

नात अजून उभीच होती, एका हातात पुस्तक, एका हातात झारा. तिने झारा मला परत दिला. पडद्याजवळ गेली, आमच्या सगळ्यांकडे पाठ केली, लाल ठिपका दाबला. तळ्यातल्या बगळ्याचा धडा तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मध्ये एकदा अडली. साहेब काही बोलायला गेले, तर मॅडमनी हातानेच थांबवलं. ती पुढचा शब्द जुळवून पुढे गेली. साहेबांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पण लिहून झाल्यावर ते म्हणाले, “मावशी, आता जेवू घाला.” दोनदा मागून खाल्लं.

जोडीदारणीने ते खरंच वर्षभर पुरवलं. कुकर लागला नाही, तांदूळ अडकला. नळाला पाणी नाही, वहिनीला विचारा पूजा केली होती का. मी हसते. या वर्षी पाटीपूजनाला मॅडमनीच मला पुढे केलं आणि म्हणाल्या, “मावशी, फक्त फूल.” मी फूलसुद्धा लांब ठेवलं.

पण जूनमधला एक दिवस सांगायचा राहिला. नात पाचवीला गेली त्याचा पहिला दिवस. बसमध्ये बसवून मी घरी आले आणि दिवसभर तेच तांदूळ पाखडत बसले. तिथल्या वर्गात अजून पडदा लागलेला नाही, हे मला आधीच कळलं होतं. संध्याकाळी ती आली, दप्तर खाटेवर टाकलं, पाणी प्यायली.

“उभं केलं?” मी विचारलं.

“हाव.”

“मग?”

“वाचलं.”

“कोणाकडे पाहून?”

“पहिले खिडकीकडं पाहून. तिथं तू दिसशील असं वाटलं. मग पुस्तकातच पाहिलं.” तिने पेला खाली ठेवला. “एक पोरगा हासला, आजी. पण तो सगळ्याइले हासते.”

मग म्हणाली भूक लागली आहे. मी भात वाढला.